विमानतळ जवळ आला म्हणून हप्ता फिटत नाही



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकाच साच्याचा होता. "सर, आमच्यापासून विमानतळ २० किलोमीटरवर आहे. होमस्टे काढू की गाडी घेऊ?" कोणी मालवणचा, कोणी कुडाळचा, कोणी वेंगुर्ल्याचा. एकाने तर थेट लिहिलंय, वडिलांच्या नावावरची २० गुंठे जमीन तारण ठेवायची तयारी आहे, फक्त तुम्ही हो म्हणा.

मी हो म्हणणार नाही. का म्हणणार नाही ते नीट सांगतो, कारण एकदा मी हो म्हणालो होतो.

९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाला. महाराष्ट्राचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक, मुंबईहून रेल्वेने जायचं तर एक रात्र. तिथे तासा-सव्वातासात विमान जाणार म्हटल्यावर सगळेच हरखले होते, मीसुद्धा. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोकणात माझी एक कार्यशाळा होती. तिथे मी छाती ठोकून सांगितलं, "मित्रांनो, विमान आलंय, आता मागे राहू नका. गाडी घ्या, खोल्या बांधा." समोर बसलेल्या एका पोराने ऐकलं आणि दोन महिन्यांत सात सीटची गाडी काढली. हप्ता २२ हजारांच्या आसपास. पुढच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. रागावला नव्हता, हसत होता. म्हणाला, "सर, इमान इला नाय, पण हप्तो इलो!"

त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं माझ्या कुठल्याच पीपीटीत नव्हतं. म्हणून आज हा लेख.

आधी सीट मोजा

विमानतळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा विमानतळ येतो. दर दोन मिनिटाला विमान, ट्रॉल्या ढकलणारी माणसं, बाहेर टॅक्सींची रांग. छोट्या विमानतळाचं गणित एकदम वेगळं असतं. चिपीवर अलायन्स एअरने मुंबईची सेवा सुरू केली ती एटीआर ७२ जातीच्या विमानाने. पंख्याचं विमान. त्यात बसणारी माणसं साधारण ७०.

आता कोकणकन्या डोळ्यांसमोर आणा. तिच्या जुन्या धाटणीच्या एका स्लीपर डब्यात बर्थ असायचे ७२, नव्या डब्यात ८०. म्हणजे ते अख्खं विमान म्हणजे रेल्वेचा एक डबा! गाडीला असे किती डबे असतात, आणि कुडाळ स्टेशनात दिवसभरात अशा किती गाड्या थांबतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी आपण रेल्वेचा एक डबा वाढला म्हणून कधी कर्ज काढलं नाही. विमान आलं तेव्हा मात्र काढलं.

चला, कागद-पेन घ्या. मी काही आकडे धरतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. दिवसाला एक फेरी, ७० सीट, त्यातल्या ५० भरल्या. त्यातले निम्मे आपलेच चाकरमानी. त्यांना न्यायला भाऊ, मेव्हणा, शेजारी कोणीतरी स्वतःची गाडी घेऊन येतो. उरले २५. एका ग्रुपमध्ये सरासरी अडीच माणसं धरली तर झाले १० ग्रुप. त्यातल्या चार ग्रुपना हॉटेलची गाडी न्यायला येणार. उरले ६. बाहेर गाड्या उभ्या १५. म्हणजे तुमचा नंबर लागणार अडीच दिवसांतून एकदा. महिन्याला १२ भाडी. एका भाड्याचे १,५०० रुपये धरले तर १८ हजार. डिझेल अजून टाकलेलं नाही, आणि हप्ता २२ हजार.

यात विमान रोज येतंय असं धरलंय. आठवड्यातून तीन-चार दिवसच येत असेल तर आकडा निम्मा करा. पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि विमान फिरलं, तर त्या दिवशी शून्य.

हे गणित मी २०२१ मध्ये केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. केलं नाही. बाजारात तुरी म्हणतात ना, तशातला प्रकार.

मग त्या विमानाला पैसे कोण देत होतं?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तिकीट इतकं स्वस्त कसं? २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे तिचं पहिलं विमान उडालं. योजना अशी: ज्या मार्गावर कंपनीला परवडत नाही, तिथे तिने विमान चालवावं, निम्म्या सीट ठरवून दिलेल्या भाड्यात विकाव्यात, आणि तोट्याची भरपाई सरकार करेल. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला हे भाडं २,५०० रुपयांच्या आसपास होतं. भरपाईचा २० टक्के वाटा राज्याने उचलायचा, बाकीचा केंद्राच्या निधीतून. हा निधी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून जमा होतो. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा माणूस थोडाफार तुमच्या चिपीच्या तिकिटाचे पैसे भरत होता.

आता महत्त्वाचं. ही भरपाई मिळते तीन वर्षं. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. चिपी-मुंबई सेवा सुरू झाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं संपली आणि अलायन्स एअरची ती सेवा थांबली.

यात लबाडी कोणाचीच नाही. अट पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती, आपण वाचली नाही. तीन वर्षांची मुदत असलेल्या गोष्टीवर आपण पाच-सात वर्षांचं कर्ज काढलं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघणारी माणसं आपण, आणि लाखोंच्या निर्णयाची एक्सपायरी डेट बघत नाही!

आणि हे फक्त चिपीचं नाही. देशाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०२३ मध्ये या योजनेवर अहवाल दिला. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि भरपाई संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले किती? ५४. मंजूर झालेल्या शंभरातले सात! तुमच्या गावचा मार्ग त्या सातांत असेलही. पण घर तारण ठेवायचं असेल तर 'असेलही' हा शब्द पुरत नाही.

शेजारच्या दुकानाकडे बघितलं का?

तुम्ही किराणा दुकान काढताना समोर कोणाचं दुकान आहे ते बघता. विमानतळालाही समोरचं दुकान असतं. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू झाली. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे सिंधुदुर्गच्या उंबऱ्यावर. बांदा, सावंतवाडीच्या माणसाला चिपीपेक्षा मोपा जवळ. तिथे मोठी विमानं येतात, देशातल्या कितीतरी शहरांतून येतात, एक चुकलं तर दुसरं मिळतं. दिल्लीहून मालवणला येणारा पर्यटक कुठे उतरेल? जिथे त्याच्या वेळेचं विमान आहे तिथे. आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाशी त्याला काही देणंघेणं नाही.

चिपी बंद पडला, असं मी म्हणत नाही, हे नीट समजून घ्या. २०२४ मध्ये फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याकडून सिंधुदुर्गला विमानं जोडली. विमानं येतात, मार्ग बदलतात, दिवस बदलतात. आज कोणतं विमान कुठल्या दिवशी आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही वाचाल तोपर्यंत ते बदललेलं असू शकतं. हाच माझा मुद्दा आहे. ज्याचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, त्यावर आपला हप्ता टांगायचा नाही.

"सर, असा विचार केला तर कोणीच काही करणार नाही"

हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. आणि त्यात तथ्य आहे. आधी उतरतो त्याला जागा स्वस्त मिळते, नाव होतं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्या काळात ज्यांनी मालवण-तारकर्लीत दोन खोल्या काढल्या त्यांना वेड्यात काढणारे कमी नव्हते.

पण तेव्हा बहुतेकांनी काय केलं ते बघा. राहत्या घरातल्याच दोन खोल्या नीट केल्या. घरात जे शिजतं तेच पाहुण्याला वाढलं. पाहुणे वाढले तशा खोल्या वाढवल्या. पाहुणे आले नाहीत तर खोली घरच्यांना झाली, वाया काही गेलं नाही. लवकर उतरायला माझी हरकत नाही. पहिल्याच दिवशी गळ्यापर्यंत उतरायला आहे.

दुसरं उदाहरण शिर्डीचं. १ ऑक्टोबर २०१७ ला तिथे विमानतळ सुरू झाला. पण शिर्डीला भक्त काय विमानतळामुळे आले? ते आधीपासून एसटीने, रेल्वेने, पायी येतच होते. विमानतळाने त्यांचा प्रवास सोपा केला. म्हणून माझं मत असं: विमानतळ गिऱ्हाईक जन्माला घालत नाही, असलेल्या गिऱ्हाइकाचा वेळ वाचवतो. तुमच्याकडे गिऱ्हाईक आधीच येत असेल तर विमानतळाचा तुम्हाला फायदा आहे. येत नसेल, तर विमान ते आणून देईल या भरवशावर राहू नका.

मग करायचं काय?

माझा नियम साधा आहे. हप्ता जुन्या गिऱ्हाइकाकडून फिटला पाहिजे. विमानाचं गिऱ्हाईक म्हणजे वरची साय.

गाडीचा विचार असेल तर हिशेब असा मांडा: विमान महिनाभर आलंच नाही तर माझी गाडी काय करेल? कुडाळ, कणकवली, सावंतवाडी स्टेशनची भाडी आहेत का? मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला फिरवणारी दिवसाची भाडी आहेत का? आपल्या भागातले कितीतरी पेशंट गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. वेळेवर येणारा, म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवणारा ड्रायव्हर त्यांना हवाच असतो. मगाशी सांगितलेल्या त्या पोराने शेवटी हेच केलं. विमानतळावर उभं राहणं सोडलं, स्टेशन आणि पेशंट धरले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. आता चिपी असो, मोपा असो की कुडाळ स्टेशन, फोन आला की तो जातो. फक्त गोव्यातून भाडं उचलायचं असेल तर परवान्याचे नियम काय आहेत ते आधी आरटीओत विचारा. कोणीतरी सांगितलं म्हणून जाऊ नका.

होमस्टेचा विचार असेल तर कॅलेंडर काढा. मे महिना, दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या. जूनपासून समुद्र खवळलेला, किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद. म्हणजे धंदा सात-आठ महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा. पहिलं वर्ष दोन खोल्यांवर काढा. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारा, "कसे आलात?" रेल्वे, स्वतःची गाडी, बस, विमान. एका वहीत चार रकाने करून टिक मारा. वर्षभराने ती वही तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा खरं सांगेल, माझ्यापेक्षाही.

आणि एक धंदा, ज्याकडे फार कमी लोक बघतात. त्या विमानातले निम्मे लोक आपले चाकरमानी असतील असं मी धरलं होतं ना? ते टॅक्सी घेत नाहीत म्हणून आपण त्यांना हिशेबातून उडवून टाकलं. पण त्यांचं गावातलं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. कौलं कोण बघणार? पावसाआधी शाकारणी, चतुर्थीआधी साफसफाई, परसातलं गवत, कलमांची राखण, वीजबिल, घरपट्टी. महिन्यातून दोनदा घर उघडून, झाडून, व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकणाऱ्या विश्वासू माणसाला तो महिन्याचे पैसे आनंदाने देईल. अशी दहा घरं मिळाली की दर महिन्याची ठरलेली मिळकत झाली. भांडवल काय? एक दुचाकी, दोन मदतनीस आणि तुमचा शब्द. विमान आलं काय, नाही आलं काय, घर तर तिथेच आहे.

काजू, कोकम, मसाले विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. विमानातल्या माणसाकडे सामान वजनाने मोजतात. दोन किलोची बरणी तो उचलणार नाही. पाव किलोची, न गळणारी, बॅगेत आडवी बसणारी पुडी उचलेल. हा बदल करायला कर्ज लागत नाही. आणि तीच पुडी स्टेशनवरही विकली जाते.

जाता जाता, तुमच्या स्वतःच्या 'उडान'बद्दल

विमान कंपनीला सरकार तीन वर्षं भरपाई देतं, तसं तुम्हालाही अनुदान मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रात जा, पीएमईजीपी आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण माझ्याकडे येणारे दहातले सहा-सात जण 'कुठला धंदा करू' विचारत नाहीत, 'कशाला सबसिडी आहे' विचारतात. इथेच चुकतं. सबसिडी आहे म्हणून मार्ग सुरू केला आणि सबसिडी संपल्यावर मार्ग बंद, हे आपण आत्ताच बघितलं. अनुदान बाजूला ठेवून हिशेब मांडा. तरीही धंदा उभा राहत असेल तर अनुदान घ्या आणि पळा. उभा राहत नसेल तर तो धंदा तुमचा नाही.

आता २० गुंठेवाल्या मित्राला उत्तर. भाऊ, जमीन तारण ठेवू नकोस. आधी एक काम कर. सलग सात दिवस विमानतळाच्या बाहेर जाऊन उभा राहा. किती माणसं उतरली, किती जणांना घरची गाडी न्यायला आली, किती जणांनी भाड्याची केली, ते लिहून काढ. पुढचे सात दिवस हेच कुडाळ स्टेशनवर कर. चौदा दिवस आणि थोडं पेट्रोल, एवढाच खर्च. ते दोन कागद घेऊन मला फोन कर, आपण दोघं बसून हिशेब करू. त्या कागदांवर धंदा दिसला तर पहिला हो माझा असेल.

२०२१ मध्ये मी त्या पोराला हे काम सांगायला हवं होतं. तेव्हा नाही सांगितलं, म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात आपण गाडीच्या भाड्याचा किलोमीटरमागे खरा खर्च कसा काढायचा ते कागदावर करून बघू. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, सगळं धरून. वही तयार ठेवा.